सरकारी नोकरीत राहून आंदोलन कसं करायचं, आणि नोटीस आलीच तर काय करायचं

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला, १४ ते २० मार्च, तेव्हा सगळ्या ग्रुपवर नवीन लागलेली पोरं एकच विचारत होती की सर आपलं काय होईल, आणि उत्तरं पण दोनच यायची, एक म्हणजे "काही होत नाही बिनधास्त या" आणि दुसरं "नोकरी जाईल, घरी बसा". दोन्ही अर्धवट. खरं असं आहे की हजारो लोक एकत्र बाहेर पडतात तेव्हा कारवाई सहसा गर्दीवर टिकत नाही, ती टिकते एकट्यावर. म्हणजे ज्याच्यावर पोलीस केस झाली, ज्याने साहेबाला फेसबुकवर शिव्या घातल्या, ज्याने नोटीसला उत्तरच दिलं नाही, ज्याच्याकडे कॅश आणि किल्ल्या होत्या आणि तो तशाच खिशात घालून मोर्चाला गेला, असे लोक. म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, संघटनेचं काम करतो, त्यामुळे केस कोर्टात गेली असेल तर वकील गाठा, पण त्याच्या आधीच्या नव्वद टक्के गोष्टी आपल्याच हातात असतात.

आधी हे ठरवा की तुम्ही नक्की काय करताय

लोक मोर्चा, धरणं, संप, पक्षाचं आंदोलन सगळं एकाच पोत्यात घालतात आणि तिथेच घोळ होतो, कारण कायद्याच्या नजरेत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, आपल्या मागण्यांसाठी निदर्शनं. काळ्या फिती लावून काम करणं, जेवणाच्या सुट्टीत गेटवर घोषणा, ऑफिस सुटल्यावर धरणं, सुट्टीच्या दिवशी मोर्चा. हे शांततेत केलं तर तुमच्या बाजूने सुप्रीम कोर्ट आहे. १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार सरकार या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचं बोलण्याचं आणि एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य संपत नाही, सगळ्याच निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम चालणार नाही. त्याच सुमाराची दुसरी केस तर आपल्या मुंबईतली, जोसेफ म्हणून अकाउंट्स खात्यातले कर्मचारी, संघटनेचे सेक्रेटरी. जुलै १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला त्या वेळच्या निदर्शनांवरून आणि मान्यता काढलेल्या संघटनेत राहिले म्हणून त्यांच्यावर कारवाई सुरू केली होती. तिथेही कोर्टाने निदर्शनांवरची बंदी आणि सरकारची मान्यता असलेल्याच संघटनेत राहा ही सक्ती उडवली. पण संपावरची बंदी दोन्ही केसमध्ये तशीच ठेवली, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट संप. इथे कोर्ट तुमच्या बाजूने नाही हे स्पष्ट समजून घ्या. २००३ मध्ये तामिळनाडूत जयललिता सरकारने संपावर गेलेल्या जवळपास १ लाख ७० हजार लोकांना एका झटक्यात काढलं होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने टी. के. रंगराजन केसमध्ये लिहिलं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिक पण नाही. (नैतिकवर माझं मत वेगळं आहे, पण नोटीसच्या उत्तरात माझं मत काही कामाचं नाही.) पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं, बिनशर्त माफी लिहून घेऊन बहुतेकांना परत घेतलं, अडकून राहिले ते ज्यांच्यावर अटक आणि मारामारीचे गुन्हे होते ते. वर म्हटलं ना, गर्दी परत येते, एकटा अडकतो.

तिसरी, पक्षाचा मोर्चा. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ सरळ सांगतात की कुठल्याही राजकीय पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचार नाही, वर्गणी नाही. संघटनेच्या स्टेजवर आमदार येऊन पाठिंबा देऊन गेला तर चालून जातं, पण तुम्ही पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फोटोत आलात की मग पेन्शनचा मुद्दा बाजूला राहतो आणि तुमचं प्रकरण वेगळंच होऊन बसतं. आणि गंमत बघा, त्याच नियमात असंही आहे की घरातल्या कोणाला सरकार उलथवण्याच्या चळवळीत जाण्यापासून तुम्ही रोखायचा प्रयत्न करायचा आणि ऐकलं नाही तर सरकारला कळवायचं. आपल्या घरात कोण कोणाचं ऐकतं ते नियम करणाऱ्याला माहीत नसावं.

तुम्ही कोणाचे, ते बघा

मंत्रालय, तहसील, आरटीओ वगैरे राज्य सरकारचे असाल तर १९७९ चेच दोन नियम, वर्तणूक आणि शिस्त व अपील, आणि तुमची दाद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. जिल्हा परिषदेचे असाल तर तुमचे नियम वेगळे आहेत, जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम १९६४ आणि वर्तणूक नियम १९६७, आणि मॅट तुमच्यासाठी नाहीच, हायकोर्टात जावं लागतं. कित्येक ग्रामसेवक आणि शिक्षक मॅट मॅट करत बसतात. खाजगी अनुदानित शाळेचे असाल तर १९७७ चा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण. एसटीवाले औद्योगिक कामगार, त्यांचं सगळंच निराळं.

परिविक्षाधीन, म्हणजे प्रोबेशनवर असाल तर दोनदा विचार करा, कारण तुम्हाला काढायला मोठी चौकशी लागतेच असं नाही, "सेवा समाधानकारक नाही" एवढं एक वाक्य पुरतं, मग तुम्ही कोर्टात सिद्ध करत बसा की खरं कारण संप होता. कंत्राटी आणि मानधनवाल्यांचं त्याहून वाईट, त्यांना कोणी काढत पण नाही, फक्त पुढची ११ महिन्यांची ऑर्डर निघत नाही. तरी अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस काढलेच, सेवा समाप्तीच्या नोटिसा येऊन पण हलल्या नाहीत. मार्च २०१८ मध्ये तर त्यांना मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा लावला होता आणि विधानसभेत एवढा गोंधळ झाला की सरकारला तो थांबवायला लागला. कायम नोकरीवाल्यांनी यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

बाहेर पडायच्या आधीचे कागद

संपाची नोटीस संघटना देते, पण त्या नोटिशीची आवक नंबर टाकलेली पोहोच प्रत्येक शाखेकडे असली पाहिजे. मागण्यांचं निवेदन, आधीच्या बैठकांचे इतिवृत्त, टप्प्याटप्प्याने आंदोलन केल्याचे फोटो तारखेसकट, म्हणजे आधी काळ्या फिती, मग घंटानाद, मग धरणं, मग एक दिवसाचा लाक्षणिक संप, आणि तरी ऐकलं नाही म्हणून बेमुदत. हे सगळं पुढे "आम्ही अचानक काम बंद पाडलं नाही" हे दाखवायला लागतं, चौकशीत पण आणि तडजोडीच्या टेबलावर पण.

स्वतःपुरतं सांगायचं तर कॅश, चेकबुक, शिक्के, स्टोअरच्या किल्ल्या, चालू मोजमाप पुस्तक, कोर्टाच्या तारखांच्या फाइली, हे लेखी यादी करून प्रभारीकडे द्या किंवा कपाटात सील करून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. तो घेत नसेल तर तसं ईमेल टाका. कारण संपात गेलात हा आरोप हजारो जणांवर असतो, पण "रोखपालाने रक्कम ताब्यात ठेवून कार्यालय सोडले" हा आरोप फक्त तुमच्यावर असतो आणि तो संप मिटला तरी मिटत नाही.

सी.एल. (नैमित्तिक रजा) टाकून जाऊ का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. संपाच्या आदल्या दिवशी परिपत्रक निघतं की रजा मंजूर करू नका, आणि रजा हा काही हक्क नाही. त्यामुळे खोटी आजारी रजा टाकायच्या फंदात तर अजिबात पडू नका, मेडिकल बोर्डाकडे पाठवलं तर संपाचा साधा मामला खोट्या प्रमाणपत्राचा होतो. गेलात तर संपावर गेलो म्हणून जा.

आणि पैशाचं बघून ठेवा. काम नाही तर वेतन नाही हे धोरण असतंच, सात दिवसांचा पगार गेला तर गृहकर्जाचा हप्ता कसा जाईल ते आधीच घरी बोलून ठेवा. १९७७ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वात आपल्या राज्यात ५४ दिवसांचा संप झाला होता. आता पगाराच्या निम्म्या रकमेचे हप्ते असलेल्या माणसाला ५४ दिवस खेचणं काय असतं ते त्यानेच ठरवावं.

मेस्मा हा शब्द ऐकून लोक घाबरतात. अत्यावश्यक सेवा म्हणून सरकारने जाहीर केलं की त्या सेवेतला संप बेकायदा होतो आणि मग अटक, तुरुंगवास या तरतुदी लागू होतात. २०२३ ला ज्या दिवशी संप सुरू झाला त्याच दिवशी विधानसभेत मेस्माचं विधेयक मंजूर करून घेतलं, कारण आधीच्या कायद्याची मुदत संपलेली होती. दवाखाना, पाणी, वीज यातले असाल तर तुमच्या खात्यासाठी अधिसूचना निघालीये का ते स्वतः वाचा, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर जाऊ नका. आणि आयसीयू, प्रसूती, अपघात विभाग उघडे ठेवा, हे कायद्यासाठी नाही म्हणत मी, लोक आपल्या विरोधात गेले की सरकारला आयतं कोलीत मिळतं.

मोर्चाच्या दिवशी

परवानगी कोणाच्या नावावर आहे आणि त्यात काय अटी आहेत ते वाचा. मुंबईत आझाद मैदान सोडून दुसरीकडे परवानगी मिळणं जवळपास अशक्य आणि तिथेही माणसांची संख्या आणि वेळ लिहिलेली असते, ऑगस्ट २०२५ च्या मराठा आंदोलनाला ५ हजार माणसं आणि संध्याकाळी ६ पर्यंत अशी परवानगी होती आणि अट मोडली म्हणून हायकोर्टाने काय काय सुनावलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश लागू असतो बऱ्याचदा, पाच जण जमले तरी गुन्हा होऊ शकतो, तेव्हा आदल्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन विचारा.

आयोजकांच्या घरी पोलिसांची जी नोटीस येते, जिला अजून सगळे १४९ चीच नोटीस म्हणतात, ती आता नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८ ची आहे. ती घ्या, सही करा, एक प्रत ठेवा. ती अटक नाही, ताकीद आहे. घेतली नाही म्हणून काही थांबत नाही, उलट नंतर सांगतात की समज देऊनही ऐकले नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा ४८ तास. कोठडीत ४८ तासांच्या वर गेलात की शिस्त व अपील नियमातल्या नियम ४ प्रमाणे तुम्ही आपोआप निलंबित मानले जाता, साहेबाची इच्छा असो नसो. म्हणून मोर्चाला जाताना दोन वकिलांचे नंबर, जामीनदार कोण, त्याचे कागद कुठे हे ठरलेलं पाहिजे. नुसतं ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडलं तर घाबरायचं काही नाही, पण गुन्हा नोंदवला का हे विचारून घ्या आणि नोंदवला असेल तर ऑफिसला स्वतः लेखी कळवा, लपवलं तर तो आणखी एक आरोप.

एसटीच्या संपाचं बघा. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, एवढा लांबलेला संप, हजारो लोक बडतर्फ, निलंबित, आणि शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हा, कारवाई नको असं सांगितलं आणि बहुतेक सगळे परत कामावर आले. पण ८ एप्रिलला पवारांच्या सिल्व्हर ओक बंगल्यावर चप्पलफेक झाली त्यात शंभराहून जास्त जणांना अटक झाली आणि त्यांचा मार्ग बाकीच्यांपेक्षा फार खडतर झाला. कोणी म्हणालं "चला साहेबाच्या घरी" की तुम्ही चहा प्यायला निघून जा, मी सांगतो.

सरकारी गाडी, सरकारी मोबाईल, ऑफिसचा प्रिंटर मोर्चासाठी वापरायचा नाही. युनिफॉर्मवाल्यांनी युनिफॉर्ममध्ये घोषणा द्यायच्या नाहीत. शाईफेक, कुलूप लावणं, कामावर आलेल्याला अडवणं, यातलं काहीही नको, सरकारी कामात अडथळ्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे आणि ते आंदोलकांवर सर्रास लावलं जातं.

मोबाईलचं

२८ जुलै २०२५ ला सामान्य प्रशासन विभागाने सोशल मीडियावर शासन निर्णय काढला, त्यात राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणावर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, गोपनीय कागद टाकू नका वगैरे आहे आणि तो कंत्राटी, प्रतिनियुक्तीवाल्यांना पण लागू आहे. याचा अर्थ पेन्शनची मागणी करायची नाही असा होत नाही. "जुनी पेन्शन मिळालीच पाहिजे, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांवर अन्याय झालाय" ही मागणी झाली, "हे सरकार चोर आहे" ही टीका, आणि "अमुक साहेब पैसे खातो" ही तर सरळ बदनामी. संघटनेच्या लेटरहेडवर, अध्यक्षाच्या सहीने, सेवाविषयक मागणी एवढंच शेअर करा. ग्रुपमध्ये कोणीतरी स्क्रीनशॉट काढणारा असतोच. ग्रुप ॲडमिन तुम्ही असाल तर मीम्स बंद करा, लोक नाराज झाले तरी चालतील.

नोटीस आली

पहिली येते ती कारणे दाखवा. मुदतीत उत्तर द्या, एकट्याने लिहू नका, संघटनेचा एकच मसुदा सगळ्यांनी वापरा आणि फक्त नाव, पद, तारखा बदला. त्यात काय लिहायचं, की राज्यव्यापी आंदोलनात संघटनेच्या आवाहनानुसार सहभागी होतो, अमुक तारखेला पूर्वसूचना दिली होती, कोणतीही मालमत्ता हानी किंवा गैरवर्तन केलेलं नाही, पदभार यादी सोबत जोडली आहे. काय लिहायचं नाही, की नेत्यांनी सांगितलं म्हणून गेलो, मला माहीत नव्हतं, बाकीच्यांना नोटीस का नाही. मुदत पुरत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत टाका.

चार्जशीट आली तर ती नियम ८ खाली आहे का नियम १० खाली ते पहिल्या ओळीत बघा. नियम १० म्हणजे किरकोळ शिक्षा, ठपका, वेतनवाढ रोखणं वगैरे. नियम ८ म्हणजे मोठी, पदावनतीपासून बडतर्फीपर्यंत, त्यात चार जोडपत्रं असतात, आरोप, तपशील, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतला प्रत्येक कागद मागून घ्या आणि बचाव सहायक, म्हणजे चौकशीत तुमची बाजू मांडणारा, म्हणून जुना, चौकश्या पचवलेला सहकारी घ्या, असा एक तरी माणूस प्रत्येक जिल्ह्यात असतो. चौकशी रेंगाळली तर शिक्षेपेक्षा जास्त त्रास त्याचाच होतो, कारण तोपर्यंत पदोन्नती मोहोरबंद लिफाफ्यात पडून राहते आणि निवृत्ती जवळ असेल तर पेन्शन पण तात्पुरती मिळते. म्हणून तारखा लांबवू नका, उलट चौकशी लवकर पूर्ण करा असे अर्ज देत राहा.

निलंबन झालं तर ती शिक्षा नाही, पण निर्वाह भत्ता अर्ध्या पगाराच्या आसपास मिळतो आणि तीन महिन्यांनंतर तो वाढवून मागता येतो, पाऊण पगारापर्यंत. तुमच्यामुळे उशीर झाला असं ठरलं तर उलट कमी पण होतो. दर महिन्याला दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र द्या, नाहीतर भत्ता अडकतो, आणि ऑर्डरमध्ये जे मुख्यालय दिलंय ते परवानगीशिवाय सोडू नका, गावाला लग्नाला गेलात तरी अर्ज. २०१५ च्या अजय कुमार चौधरी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तीन महिन्यांत चार्जशीट दिली नाही तर निलंबन पुढे चालू ठेवायचं नाही, आणि २०१९ ला राज्याने तसा शासन निर्णय पण काढला. त्यामुळे कॅलेंडरवर ९० वा दिवस लाल करून ठेवा आणि ९१ व्या दिवशी अर्ज.

खाजगी कंपनीवाल्यांनी दोन गोष्टी बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झालीये, त्यात संपाला १४ दिवसांची नोटीस लागते आणि एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी सी.एल. टाकली तर तोही संपच धरतात. बेकायदा संपाला १ हजार ते १० हजार दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद आहे. आणि दहा किंवा जास्त जण मिळून नोटीस न देता गैरहजर राहिले तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो, म्हणजे एकच दिवस गेलात तरी आठपर्यंत. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा.

एमपीएससी करणाऱ्या पोरांसाठी एक वेगळं. पुण्यात मार्च २०२१ ला परीक्षा पुढे ढकलली म्हणून रस्त्यावर आलात, २०२३ ला, २०२४ ला पण आलात, या, पण गुन्हा नोंदवला गेला असेल तर त्याची एफआयआर कॉपी आणि निकालाचे कागद जपून ठेवा, कारण निवड झाल्यावर साक्षांकन नमुन्यात (पडताळणीच्या फॉर्ममध्ये) अटक, खटला याचे रकाने असतात. तिथे खोटं लिहू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात कोर्टाने तरुणपणी घोषणा दिल्याचं उदाहरणच दिलंय, की असल्या किरकोळ गोष्टीकडे सरकार दुर्लक्ष करू शकतं. करू शकतं, करेलच असं नाही, म्हणून लपवून त्यांच्या मर्जीवर राहण्यापेक्षा खरं लिहिलेलं बरं.

संप मिटल्यावर

नेते मैदानावर गुलाल उधळतात आणि लोक घरी जातात, खरं काम तिथून सुरू होतं. तोंडी आश्वासन आणि लेखी इतिवृत्त यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तडजोडीत तीन गोष्टी लिहून घेतल्याच पाहिजेत, संपकाळ कसा धरणार, सेवेत खंड पडणार नाही हे, आणि कारवाया मागे घेणार का, घेणार तर कोणत्या. १९७४ चा रेल्वे संप ८ ते २७ मे चालला आणि माघार घेऊन संपला, लेखी काहीच हातात नव्हतं, हजारो लोक बडतर्फ राहिले आणि १९७७ ला सरकार बदलून मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा कुठे त्यांना परत घेतलं. तीन वर्षं. पोलीस गुन्हे मागे घेण्याचं वेगळं असतं, सरकार शासन निर्णय काढतं, जीवितहानी नाही आणि नुकसान ५ लाखांच्या आत असे निकष असतात, समिती शिफारस करते, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो आणि कोर्टाने परवानगी दिली तरच केस संपते. मंत्र्याने सभेत "गुन्हे मागे घेतले" म्हटलं म्हणून तारखेला जायचं सोडलं तर वॉरंट निघतं, असे प्रकार झालेत.

आणि हजर होताना रुजू अहवाल द्या, तारीख वेळ टाकून, पोहोच घेऊन. नंतर महिन्या दोन महिन्यांनी आस्थापनेत जाऊन सेवापुस्तक उघडून बघा की त्या सात दिवसांची नोंद काय घेतलीये. असाधारण रजा लिहिली असेल तर पगार गेला पण सेवा जोडलेली राहिली. "अनधिकृत गैरहजेरी" लिहिलं असेल तर तिथेच लेखी आक्षेप द्या, कारण लिहिणारा क्लार्क तीन वर्षांत बदलून जाईल आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शन केस घेऊन बसलेल्या माणसाला त्या संपाचं काहीच माहीत नसेल, त्याला फक्त ती ओळ दिसेल.